खोटे दिवाळे

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘शॅम्पेन’ (१९२८) या मूकपटातील लाडावलेली धनिककन्या विमानाने भर समुद्रात जाऊन प्रियकराचे जहाज गाठते. बेटी बाल्फोरने ही भूमिका मोठ्या खट्याळपणे केली आहे. लेकीला वठणीवर आणण्यासाठी बाप आपले दिवाळे निघाल्याची थाप मारतो. ती दागिने विकायला निघते, कॅबरेत नोकरी धरते आणि अखेरीस सारे लटके ठरते. खुद्द हिचकॉकला हा चित्रपट आपल्या कारकिर्दीतला तळ वाटे.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ऐकत वाढलेल्या आम्हांला मात्र त्यातील विनोद पुरता पचत नाही. २०१२ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकच्या नऊ मूकपटांना नवी झळाळी दिली; ‘शॅम्पेन’ त्यांतलाच. त्याच वर्षीच्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. हे दिवाळे खरे होते. हिचकॉकचा बाप नसलेले दारिद्र्य दाखवतो. आमच्याकडचे बाप असलेले दारिद्र्य लेकीपासून लपवतात. माया दोन्ही थापांत आहे. पण पहिली थाप मारायला तिजोरी आधीच भरलेली लागते.