ठकी

ठकी ही पुण्यात कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत वाढलेली देशी मांजर. अंग राखाडी, त्यावर काळे पट्टे, पोट आणि पुढचे दोन्ही पंजे पांढरेशुभ्र. जिन्याखाली व्यालेल्या भाटीने बाकीची पिले उचलून नेली, ही एवढी मागे राहिली आणि तळमजल्यावरच्या घरात शिरली. घरात आजी, मुलगा, सून आणि एक नातू. मांजर पाळायचे नाही, असे आजींचे मत होते. ते त्यांनी शेवटपर्यंत बदलले नाही आणि ठकीचे दूध-भाताचे ताटही शेवटपर्यंत त्याच ठेवत राहिल्या.

पांढऱ्या पंजांनी गोधडी तुडवणे ही तिची पहिली लक्षात आलेली सवय. पिलू आईच्या आचळांभोवती पंजे आळीपाळीने दाबते, त्याने पान्हा सुटतो. बरीच मांजरे मोठेपणीही मऊ वस्तूवर बसण्याआधी हेच करतात. ओट्यावर सून कणीक मळायला लागली की ठकी घुरघुरत गोधडी मळायला घेई. दोघींत ठकीचा हात जास्त सावकाश होता.

घरात ब्रेड होऊ लागला तो २०२० च्या टाळेबंदीत. कोरडे यीस्ट मिळेना, म्हणून सुनेने गव्हाचे पीठ आणि पाणी काचेच्या बरणीत कालवून सावरडोचे आंबवण धरले. अशा बरणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात बुडबुडे येतात, पण ते इतर जिवाणूंचे असतात. मग सगळे थंडावते आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच बरणी ओतून देतात. आंबटपणा वाढून ते जिवाणू मागे पडले की पिठातलेच यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू जोर धरतात. रोज थोडे काढून नवे पीठ-पाणी घालत राहिले, तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आंबवण फुगू लागते. सुनेने धीर धरला. बरणीच्या वासाने ठकी दोनदा शिंकली आणि तिने त्या दिशेला जाणे सोडले.

पहिले ब्रेड विटेसारखे झाले. चक्कीच्या पिठातला कोंडा चिकटपणाची जाळी तोडतो, त्यामुळे नुसत्या कणकेचा ब्रेड फारसा उंच होत नाही. निम्मा मैदा घालून आणि पीठ बरेच सैल भिजवून हा दोष आटोक्यात आला. खरी अडचण तापमानाची होती. असे पीठ २४ ते २७ अंशांत नीट फुगते. पुण्याच्या डिसेंबरात ओट्यावर रात्रभर ठेवलेला गोळा सकाळी जागचा हललेला नसे, तर एप्रिलमध्ये दुपारच्या झोपेपुरता विसरला तरी आंबून पसरट होई. पुस्तकातले तास थंड देशातले, ते इथे लागू पडत नव्हते.

इथे ठकी उपयोगी पडली. मांजराला सुमारे ३० ते ३८ अंशांत ऊब टिकवण्यासाठी जास्तीची शक्ती खर्च करावी लागत नाही, म्हणून ते घरातली सर्वांत उबदार जागा हुडकते. थंडीत ठकी फ्रिजच्या डोक्यावर झोपे. पिठाचा झाकणाचा डबा तिच्या शेजारी जाऊ लागला. जागेपेक्षाही तिच्या झोपण्याची तऱ्हा अधिक बोलकी होती. नाक शेपटीत खुपसून मुटकुळे केलेले असले, तर पीठ रात्रभर बाहेर राहू शकते. कुशीवर ऐसपैस पसरली असली, तर दुपारपर्यंत आटपायला हवे. आणि मोरीच्या फरशीवर पोट टेकले, की डबा सरळ फ्रिजमध्ये. ‘ठकी कशी झोपली आहे?’ हा प्रश्न त्या घरात ब्रेडविषयीचा असे.

डब्याला झाकण आणि त्यावर वरवंटा, हा नियम पशुवैद्यांनी घालून दिला. कच्चे पीठ कुत्र्या-मांजरांना घातक ठरते: पोटाच्या उबेत ते फुगतच राहते, पोट ताणते, शिवाय आंबताना तयार होणारे मद्य रक्तात जाते. कांदा-लसणाचे पावही तिच्यापासून लांब ठेवले जात, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. भाजलेल्या साध्या ब्रेडचा तुकडा चालतो, पण ठकीला त्यात रस नव्हता. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. ती लोणी चाटून घेई आणि काप जसाच्या तसा ठेवी. तो आजी चिमण्यांना कुस्करत.

म्हातारपणी ती पाणी फार पिऊ लागली आणि वाळत गेली. मूत्रपिंडे थकली होती. वयस्क मांजरांत हा विकार नेहमी आढळतो. खारे लोणी बंद झाले, खाण्यात डॉक्टरांनी सांगितलेले खाद्य आले. फ्रिजवर उडी मारवेना, तेव्हा मुलाने मधे स्टूल ठेवले. पुढे तेही जमेना, मग गोधडी ओव्हनशेजारी खाली आली. अंगातली ऊब कमी झाल्याने ती उन्हाळ्यातही मुटकुळे करून झोपे, आणि तिच्यावरून पिठाचा अंदाज बांधणे सुनेला सोडावे लागले. एका पावसाळ्यात ती गेली. सुनेने त्याआधीच पिठात खुपसायचा थर्मामीटर घेतला होता. आता ब्रेड त्यावरच होतो, आणि चांगला होतो.