मैंदर्गीच्या कब्रस्तानात

अक्कलकोटहून दुधनीच्या वाटेवर आमचं मैंदर्गी. दादीची कबर कच्ची. पावसात माती बसेल म्हणून दफनाच्या दिवशीच आम्ही मोबाइलमध्ये जागा नोंदवली होती. यंदा गेलो तर रेंज नाही, नकाशा उघडेना. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे आकडे आले. पण चार-पाच मीटर इकडेतिकडे, आणि तेवढ्यात तर कितीतरी कबरी! भाच्याने मोजणीचं हातातलं जीपीएस यंत्र आणलं. फरक थोडाच कमी झाला. अशाच यंत्रांवर २००० सालापासून लपवलेले डबे शोधायचा जिओकॅशिंगचा खेळ चालतो. तिथं डबा सापडला की खात्री पटते. इथं उकरून कोण पाहणार? शेवटी कबर खोदणाऱ्या चाचांनी कडुलिंबापासून सात पावलं मोजली. तिथंच आम्ही फातिहा पढली.