शेवटची कुस्ती कोणाच्या पैशावर?

जळकोट तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. सार्वजनिक आयव्यय हा माझा विषय. सरकारकडे पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्यात कोणाच्या खिशाला चाट बसते, हे पाहण्याचं हे शास्त्र. त्यात दारूच्या महसुलाचं प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही. बरीच वर्षं जिमखाना समितीचं कामही माझ्याकडे असल्यामुळे खेळासाठी पैसा उभा करताना काय यातायात होते, तेही मी जवळून पाहतो. या दोन्ही कामांत एकच प्रश्न समोर येत राहतो: दारूच्या पैशावर खेळ चालवावेत का, आणि चालवायचे तर तो पैसा कोणत्या वाटेनं यावा?

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी या प्रश्नाचं आपल्यापुरतं उत्तर शोधलंय. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा आणि अंगावर धडका घ्यायचा खेळ. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात 1 लाख 7 हजारांवर माणसं बसतात. अनेक वर्षं बहुतेक विद्यापीठांच्या मैदानात सर्वसाधारण प्रेक्षकाला दारू मिळत नसे, महागड्या कक्षांत बसणाऱ्यांना मात्र मिळे. बाकीचे लोक बाहेर गाड्यांपाशी पिऊन आत येत, मध्यंतरात बाहेर जात आणि पुन्हा पिऊन परतत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं 2011 मध्ये आतच बिअर विकायला सुरुवात केली आणि त्याच वेळी मध्यंतरात बाहेर जाऊन परत येण्याची मुभा बंद केली. मैदानावरची दांडगाई आणि पोलिसांचं काम कमी झालं, चार पैसेही सुटले. हे उदाहरण पाहून एकेक विद्यापीठ त्या वाटेनं गेलं. साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही तिथली बडी संघटना. तिनं 2019 मध्ये आपली जुनी बंदी उठवली, पण अटी घालून: फक्त बिअर आणि वाइन, एका वेळी दोनच, ठरलेल्या खिडकीवर ओळखपत्र पाहून, आणि सामन्याचा तिसरा टप्पा संपला की विक्री बंद.

शिस्तीचा मुद्दा मला पटतो. चोरून घाईघाईनं ढोसण्यापेक्षा उघड आणि मोजून विकलेलं बरं, हे अनुभवानं दिसलंय. इंग्लंडनं 1985 मध्ये कायदा करून उलटी वाट धरली. तिथे व्यावसायिक फुटबॉलचं मैदान दिसेल अशा जागी बसून सामना चालू असताना दारू पिता येत नाही. तीही वाट चालली. पैशाचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठानं 2016 मध्ये संपूर्ण मैदानात बिअर विकायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात 11 लाख डॉलरच्या आसपास मिळाले आणि त्यातला काही भाग विद्यापीठाच्या पोलिस दलात माणसं वाढवण्याकडे वळवला. त्याच क्रीडा विभागाचं वर्षाचं उत्पन्न 15 कोटी डॉलरच्या वर होतं. म्हणजे बिअरचा वाटा शंभरात एकही नाही. तरीही एकदा अंदाजपत्रकात बसलेली जमा सहसा उठत नाही. तिच्या भरवशावर कुठला तरी खर्च उभा राहतो आणि मग ती कमी होऊ नये म्हणून धडपड सुरू होते. जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना 2025-26 या वर्षात खेळाडूंना 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली. एवढा खर्च समोर दिसत असताना बिअरची खिडकी बंद करायला कोण तयार होईल?

आपल्याकडे महाविद्यालयाच्या मैदानात अशी खिडकी उघडणार नाही. आपला कायदा 1949 चा आणि नावानं तो आजही दारूबंदीचाच आहे. वाइन आणि बिअरसाठी वयाची अट 21, दारूसाठी 25. पदवीच्या पहिल्या वर्षाचं पोरगं 18 वर्षांचं असतं. शाळा-महाविद्यालयापासून 75 मीटरच्या आत विदेशी दारूच्या दुकानाला किंवा परमिट रूमला परवाना मिळत नाही. पण एवढ्यावरून हा प्रश्न आपला नाही, असं समजू नये. आपल्याकडे दारूचा पैसा मैदानात येतो तो इनामाच्या रूपानं.

आमच्या भागात जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा सगळ्यात मोठी, पण गावोगावच्या लहान जत्रांतही दंगल होतेच. अशाच एका गावची दंगल पाहायला मी गेलो होतो. दुपारी नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात झाली. लंगोट सावरत शाळकरी पोरं मातीत उतरत होती आणि हलगीवाला त्यांच्याभोवती फिरून त्यांना चेव आणत होता. मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या जोडी लागल्या. उन्हं उतरली तसे उदगीर, कंधार, बिदरकडचे नाणावलेले पैलवान कपडे काढू लागले आणि माइकवर शेवटच्या कुस्तीचं इनाम पुकारलं गेलं. देणारे गृहस्थ देशी दारूच्या दुकानाचे परवानाधारक. त्यांना फडात बोलावून फेटा बांधला, त्यांच्या हातानं जोड लावली, नाव तीनदा पुकारलं. वर्षभर रोजगाराचे पैसे त्यांच्या गल्ल्यात नेऊन टाकणारी माणसं फडाच्या कडेला उकिडवी बसून टाळ्या वाजवत होती.

तालमीच्या वस्तादांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ‘‘सर, त्येंनी नाही दिले तर शेवटची कुस्ती लावायची कशी? पोरं वर्षभर मेहनत करायलेत. त्यांना काय नारळावर वाटं लावू का?’’

वस्तादांचं बोलणं खोटं नाही. पैलवानाचा खुराक काय भावानं पडतो, हे तालमीत गेल्याशिवाय कळत नाही. दूध, तूप, बदाम, अंडी यांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. आमच्या जिमखान्याचं दुखणंही तेच. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला संघ पाठवायचा तर एसटीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि मुलांच्या पायात बूट इतकंच लागतं, पण फीतून जमणारा निधी तेवढ्यालाही पुरत नाही. सोयाबीनचा भाव पडला की पालकांकडे मागायची सोय राहत नाही. अशा वेळी कोणी पाचशेच्या नोटा पुढे केल्या तर नाही म्हणायला फार बळ लागतं.

पण ते इनाम मुळात कोणाचं, हे पाहायला हवं. महाराष्ट्र सरकारनं जून 2025 मध्ये दारूवरचं शुल्क वाढवलं. देशी दारूवर प्रूफ लिटरमागे 180 चे 205 रुपये झाले आणि 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरली. देशीच्या बाटलीवर 42.8 टक्के तीव्रता छापलेली असते. प्रूफ लिटरच्या हिशेबात ती पाऊण भरते. म्हणजे एका क्वार्टरमागे 27 ते 28 रुपये उत्पादन शुल्क, शिवाय विक्रीवरचा कर वेगळा. रोज एक क्वार्टर पिणारा मजूर महिन्याला किमान 2,400 रुपये दुकानात देतो आणि नुसत्या शुल्कापोटी वर्षाकाठी 10 हजारांच्या आसपास रक्कम सरकारजमा करतो. माझ्या पगारातून वर्षभरात कापला जाणारा व्यवसाय कर 2,500 रुपये आहे. हा कर महाराष्ट्रानं 1975 मध्ये रोजगार हमी योजनेसाठी बसवला. पगारदारानं मजुराच्या कामासाठी थोडा हातभार लावावा, ही त्यामागची भूमिका. आज तोच मजूर माझ्या चौपट रक्कम बाटलीतून भरतो आहे आणि करदाता म्हणून त्याचं नाव कुठेही लागत नाही. फडात फेटा बांधला जातो तो दुकानदाराला.

सरकारला ही जमा सोडवत नाही, त्याची कारणंही उघड आहेत. 1 जुलै 2017 पासून बहुतेक वस्तू जीएसटीत गेल्या. राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येतील असे वस्तूंवरचे मोठे कर उरले ते मुख्यतः पेट्रोल-डिझेल आणि दारूचे. म्हणून तिजोरीत खडखडाट झाला की हात पहिल्यांदा दारूच्या शुल्काकडे जातो. 2025 च्या त्या एका निर्णयातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील, असा सरकारचा अंदाज होता.

मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राज्यात जमीन महसुलाबरोबर आबकारी ही उत्पन्नाची मोठी बाब होती. शिंदीची दुकानं लिलावात जात आणि गुत्तेदार ती चालवत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसनं 1947 मध्ये लढा सुरू केला तेव्हा करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी जाळणं आणि शिंदीची झाडं तोडणं हे त्या लढ्याचे कार्यक्रम होते. गावोगावच्या तरुण पोरांनी रात्री कुऱ्हाडी घेऊन बनंच्या बनं आडवी केली. दारू वाईट म्हणून आणि त्याहून जास्त निजामाचा महसूल बुडावा म्हणून. ज्या विद्यापीठाच्या स्पर्धांत आमची मुलं उतरतात, ते नांदेडचं विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालं आणि त्याला स्वामीजींचंच नाव आहे. हा आपला वारसा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो.

आता पुन्हा फडातल्या इनामाकडे येऊ. दारूवाल्यांना खेळाचं नाव का हवं असतं, हे फुटबॉलनंच देशाला दाखवलं. दूरचित्रवाणीवर दारूची जाहिरात करता येत नाही. 1998 च्या सुमारास कोलकात्याच्या दोन थोर संघांची नावं मॅकडोवेल मोहन बागान आणि किंगफिशर ईस्ट बंगाल अशी झाली. जाहिरात न करता नाव घराघरांत गेलं. 2008 मध्ये आयपीएल आलं तेव्हा बंगळूरच्या संघाला व्हिस्कीवरून नाव मिळालं. गावच्या दंगलीत माइकवर तीनदा पुकारलेल्या नावाचं मोल तेवढंच आहे.

त्या मोलाचा हिशेब गावातल्या बायकांना चुकवावा लागतो. दुकान बंद करायचं तर आपल्याकडे महिलांच्या मतदानाची सोय आहे, उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. आमच्या भागातल्या वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्यांचं न पडलेलं मत दुकानाच्याच पारड्यात जातं. त्यात दुकानदार जत्रेचा आधारस्तंभ असेल, तालमीला गादी त्यानं दिलेली असेल, तर गावातले कर्ते पुरुष मोजणीच्या दिवशी कोणाच्या बाजूला उभे राहतात, ते सांगायला नको. शेवटच्या कुस्तीचं इनाम दुकानदाराला स्वस्तात पडतं. मी त्याला विरोध करतो तो या कारणासाठी.

मग पैसा आणायचा कुठून? ज्याचा आहे त्याच्याकडूनच, पण तिजोरीच्या वाटेनं आणि हक्क म्हणून. त्या 14 हजार कोटींचा शंभरावा भाग 140 कोटी होतो. राज्यात 358 तालुके आहेत. समान वाटले तर तालुक्याला वर्षाला 39 लाख रुपये येतात. एवढ्यात दोन-तीन प्रशिक्षकांचा पगार, कुस्तीची मॅट, मुलींसाठी वेगळी खोली, पन्नासेक मुलांचा खुराक आणि स्पर्धांचा प्रवास सहज भागतो. क्रीडा संकुल बांधायला पैसा मिळतो, ते चालवायला मिळत नाही, ही आपली जुनी रड आहे आणि ती यातून थांबेल.

एक अट मात्र सोडता कामा नये. ही रक्कम विक्रीच्या टक्क्यात न ठेवता रुपयांच्या आकड्यात कायद्यानं ठरवावी. टक्क्यात ठेवली तर खप वाढावा असं क्रीडा शिक्षकालाही वाटू लागेल, अमेरिकेतल्या विद्यापीठांना वाटतं तसं. आकडा पक्का असेल तर ज्या गावानं आडवी बाटली केली त्या गावच्या पोरांचा रुपयाही कमी होणार नाही. रोजगार हमीसाठी खास कर बसवून, राज्याला त्यात आपला तेवढाच वाटा घालायला लावून, एका कामासाठी निधी बांधून देता येतो, हे याच महाराष्ट्रानं देशाला शिकवलं. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही, असं कोणी म्हणू नये.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल. त्याआधी आपल्या आमदारांना पत्र लिहा आणि ग्रामसभेत तसा ठराव घ्या. जत्रा कमिटीत असाल तर यंदा शेवटच्या कुस्तीचं इनाम घरटी वर्गणीतून ठेवा. अकरा हजारांऐवजी पाच हजार जमले, तरी जोड त्यावरच लावा.