काट्याची साक्ष

आमचा विषय इतिहास. ताम्रपट, बखरी आणि गॅझेटिअर यांच्या सहवासात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने व्होल्टमीटरवर लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु विज्ञान शिक्षकाचे पद रिक्त असताना दोन वर्षे प्रयोगशाळेची किल्ली आमच्याकडे होती. एम.ए.च्या वर्गात शिकलेली साधनचिकित्सा काट्याच्या यंत्रासही लावता येते, हे त्या काळात उमगले.

त्या प्रयोगशाळेत एक रीत रुजली होती. ओहमच्या नियमाचा आलेख सरळ येतो हे पुस्तकातून आधीच ठाऊक; म्हणून दोन वाचने घ्यावयाची आणि उरलेली रेषेवर बसवावयाची. आमची मुले वीटभट्टीवरून, ऊसतोडीच्या कोपीतून येतात. चूक ठरण्याचे भय त्यांच्या आईबापांनी पुष्कळ भोगले आहे. त्यामुळे त्यांस लबाड म्हणणे आम्हांस कधीच पटले नाही. पण दहावीतील एका मुलीने वाचने बसविली नाहीत. तिच्या आलेखास ४ व्होल्टच्या आसपास कुबड आले. मैत्रिणींनी खोडरबर पुढे केला. ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, काटा तर इथंच थांबतोय."

आता दोष हाताचा की यंत्राचा? आयटीआयमध्ये शिकविणारा आमचा एक माजी विद्यार्थी रविवारी मल्टीमीटर घेऊन आला. "सर, आधी मीटरचीच परीक्षा घेऊ," तो म्हणाला. दोन्ही मापके समांतर जोडली, रिओस्टॅटने दाब वाढवीत नेला. मल्टीमीटरवर ०, २, ४, ६, ८, १० व्होल्ट दिसत असता आमचा काटा अनुक्रमे ०, २.०, ४.१, ५.९, ७.७ आणि ९.५ वर थांबला. चढत्या क्रमाने घेतलेली वाचने उतरत्या क्रमानेही घेतली, कारण टेकूच्या घर्षणात अडकणारा काटा जाताना एक सांगतो आणि येताना दुसरे. तो दोष इथे नव्हता.

मग रेषीयतेचे गणित. पहिले आणि शेवटचे वाचन सरळ रेषेने जोडावे. ही रेषा १० व्होल्टला ९.५ दाखविते, म्हणजे प्रत्येक व्होल्टला ०.९५. तिच्याप्रमाणे २, ४, ६, ८ व्होल्टला १.९, ३.८, ५.७, ७.६ यावयास हवे होते. प्रत्यक्षातील फरक ०.१, ०.३, ०.२, ०.१. सर्वांत मोठा ०.३, त्यास ९.५ या पूर्ण पल्ल्याने भागून शंभराने गुणले की सुमारे ३.२ टक्के. ही रेषीयतेची त्रुटी. अचूकतेची त्रुटी निराळी: १० व्होल्टला काटा अर्धा व्होल्ट मागे आहे, म्हणजे ५ टक्के.

इथे आम्ही थबकलो. ४ व्होल्टला काटा सत्याच्या अवघा ०.१ दूर, तरी आपल्याच रेषेपासून सर्वांत लांब! इतिहासाच्या अभ्यासकास हे अनोळखी नाही. प्रत्येक लढाईत आपल्या धन्याचे सैन्य दुप्पट सांगणारा बखरकार उपयोगी पडतो. आकडा निम्मा करावा, काम भागते. जो कधी दुप्पट, कधी दीडपट सांगतो आणि मध्येच एकदा खरे बोलून जातो, त्याच्यासाठी पानोपानी दुसरा पुरावा धुंडाळावा लागतो. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही वस्तूंचे मोल मोजणाऱ्या रुपयाचेच मोल किती स्थिर आहे, हे तपासावे लागले होते.

काटा रेषा का सोडतो? या मापकात चुंबकाच्या अंतर्वक्र ध्रुवांमध्ये मऊ लोखंडाचा दंडगोल आणि त्याभोवती फिरणारे कुंडल असते. या रचनेमुळे कुंडल कोणत्याही कोनात असले तरी त्यास चुंबकक्षेत्र सारखेच भेटते, स्प्रिंग पिळाच्या प्रमाणात विरोध करते, आणि म्हणून मोजपट्टीवरील घरे समान आखता येतात. अवकाशातील क्षेत्र कुठे कमीजास्त झाले, स्प्रिंग थकली, की ते प्रमाण मोडते. जुन्या टॅन्जंट गॅल्व्हानोमीटरमध्ये तर प्रवाह कोनाच्या टॅन्जंटच्या प्रमाणात असतो. तिथे समान घरांची अपेक्षाच नाही.

मुलीने फळ्याकडे पाहून विचारले, "सर, रेषाच थोडी वर सरकवली तर?" माजी विद्यार्थी हसला आणि खडू तिच्या हाती दिला. रेषा ०.१५ ने वर नेताच सर्व बिंदू अधिक-उणे ०.१५ च्या आत आले, त्रुटी १.६ टक्क्यांवर उतरली. यंत्र तेच, काटा तोच. विक्रेते बहुधा हाच लहान आकडा छापणे पसंत करीत असावेत, असा आमचा ग्रह आहे. कोणत्या रेषेपासून मोजले हे न सांगता नुसता टक्का देणे म्हणजे शक की संवत हे न लिहिता वर्ष कोरणे.

सायंवंदनेत मुले रोज 'एहिपस्सिको' म्हणतात. त्या संध्याकाळी तिला वंदनेस यावयास उशीर झाला, कारण ती दुरुस्तीचा तक्ता सुवाच्य अक्षरांत उतरवीत बसली होती. तो व्होल्टमीटरच्या पाठीवर डकविला आहे: डावीकडे काटा काय दाखवितो, उजवीकडे खरा दाब किती. पुढील वर्षीच्या प्रयोगवह्यांत आलेख काढण्यापूर्वी या तक्त्याचा एक रकाना वाढला. ४.१ समोर तिने ४ लिहिले आहे, आणि खाली तपासणीची तारीख.