शून्य क्रमांकाचे पत्र

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, मोठा बदल सुचवायचा तर तो लहान लहान पॅचमध्ये विभागून पाठवावा लागतो. पॅचना १, २, ३ असे क्रमांक असतात. त्यांच्या आधी जे प्रास्ताविक जाते त्याचा क्रमांक शून्य. काय बिघडले होते, हाच उपाय का आणि त्याची किंमत काय, हे तपासणाऱ्यांना त्यात पटवून द्यायचे असते. मराठीच्या अध्यापनात हयात गेलेल्या आम्हांला हा लेखनप्रकार माजिवड्याच्या घरी कन्येमुळे भेटला. मेमरीच्या व्यवस्थापनावरील आठ महिन्यांच्या कामाचे प्रास्ताविक आमच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बाबा, तंत्राचं सोडा. कुठे अडखळता तेवढं सांगा."

नमुना म्हणून तिने मॅथ्यू विल्कॉक्स यांच्या 'फोलिओ' या बदलाचे लेखन दिले. कर्नेल मेमरीची 'पेजेस' पाडते. बहुतेक संगणकांवर एक पेज ४०९६ बाइटांचे. १६ जीबी मेमरीत अशी सुमारे ४२ लाख पाने होतात. ती एकेक करून हाताळणे परवडत नाही, म्हणून काहींचे गठ्ठे बांधतात. पण मग 'पेज' म्हटले की एक पान समजायचे की सबंध गठ्ठा, गठ्ठ्यातले पहिले की मधले, हे शब्दावरून कळेना. कोडला ठिकठिकाणी थांबून खात्री करावी लागे.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा घोटाळा नवा नाही. पोथीत पानाच्या एकाच अंगाला क्रमांक असतो. 'पाने ४०' म्हणजे मजकुराच्या बाजू ८०. छापील पुस्तकाच्या सवयीने मोजणारा निम्म्यावर अडकतो, म्हणून जाणता सूचीकार 'पत्रे' लिहितो. या पत्रालाच इंग्रजीत फोलिओ म्हणतात. विल्कॉक्स यांच्या व्याख्येत फोलिओ म्हणजे गठ्ठ्याचे मधले पान कधीच नव्हे. एका शब्दाने शंकेची जागाच काढून टाकली.

तरी २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीसाठी केलेली विनंती अडली. नाव खुद्द लिनस तोरवाल्ड्स यांना रुचले नव्हते. योहानेस वायनर यांचा आक्षेप अधिक खोल होता: फाइलींशी संबंधित कोड भौतिक पानांच्या रचनेला जखडला जाईल. बदल शिरला तो ५.१६ मध्ये, जी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्याकडील प्रस्तावना बहुधा आधीच पटलेल्या वाचकासाठी लिहिलेल्या असतात (विद्यापीठीय प्रबंधांच्या तर विचारूच नका). येथे पहिला वाचकच नकाराचा अधिकार घेऊन बसलेला.

कन्येच्या मसुद्यात आम्ही एकाच जागी अडखळलो. दोन प्रकारच्या कामांत तिचा बदल जुन्यापेक्षा मंद ठरत होता, आणि ती मापने शेवटच्या तक्त्यात, भाष्याविना, ठेवलेली होती.

"हे वर का नाही?"

"वर आणलं तर पुढचं कोणी वाचणारच नाही, बाबा."

"आणि खाली सापडलं तर?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तो तक्ता दुसऱ्या परिच्छेदात आला होता, मंदावण्याच्या कारणासह. पत्र गेले. पहिले उत्तर आले आहे ते त्याच परिच्छेदावर: कारण मान्य, पण मापन आणखी मोठ्या यंत्रावर करून दाखवा. तसे यंत्र कोठून मिळवावे, याची तिला सध्या विवंचना आहे.