त्या मुलीचं पुढे काय झालं?

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी नववी-दहावीला इतिहास शिकवत होते. एकदा व्हिएतनामच्या युद्धाचा विषय निघाला, म्हणून वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक वर्गात नेलं. त्यात ते प्रसिद्ध छायाचित्र होतं. डांबरी रस्त्यावरून रडत पळणारी मुलं, आणि मधोमध अंगावर एकही कपडा नसलेली, दोन्ही हात पसरलेली एक लहान मुलगी. वर्ग एकदम गप्प झाला. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, त्या मुलीचं पुढे काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं. पण वर्गापुढे 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती. "इतकी भाजलेली पोर, वाचली नसेल गं," असं म्हणून मी पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला घेतला.

निवृत्तीनंतर एकदा सहज तो प्रश्न आठवला. नातवाला सांगितलं, जरा शोधून दे रे. त्याने दोन मिनिटांत तिचं नाव काढून दिलं. किम फुक. ती वाचली होती! तेव्हापासून तिच्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे.

छायाचित्र ८ जून १९७२ चं. गाव दक्षिण व्हिएतनाममधलं ट्रांग बांग. तेव्हा किम ९ वर्षांची होती. गावातली माणसं काओदाई पंथाच्या मंदिरात आसऱ्याला थांबली होती. दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने तिथे नापामचे बॉम्ब टाकले. म्हणजे आपल्याच बाजूच्या लोकांनी. नापाम म्हणजे पेट्रोलची घट्ट खळच म्हणा ना, अंगाला चिकटते आणि जळत राहते. तिची पाठ, मान आणि डावा हात भाजला. तिची दोन लहान चुलत भावंडं गेली. या चित्राला १९७३ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. (चित्र नेमकं कुणी काढलं यावर २०२५ मध्ये वाद झाला. तो इथे नको.)

पहिल्या इस्पितळात तिची आशा सोडलेलीच होती. मी वर्गात दिलं तेच उत्तर तिथल्यांनीही दिलं होतं! पण खटपट करून तिला दुसरीकडे हलवलं. १४ महिने इस्पितळ, १७ शस्त्रक्रिया. घरी आली तरी दुखणं संपलं नाही. भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, ऊन सोसत नाही, थंडीत ती आवळते. १९७८ साली स्टोव्हचा भडका उडून माझं मनगट भाजलं होतं. चार बोटं रुंदीचा तो डाग आजही डिसेंबरात ओढतो. त्यावरून अख्ख्या पाठीची कल्पना करून पाहते आणि थांबते.

पुढे तिने वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली. पण सरकारला ती डॉक्टर म्हणून नको होती, 'चित्रातली मुलगी' म्हणून हवी होती. परदेशी पत्रकार आले की तिला हजर करायचं, तिने ठरलेलं बोलायचं. शिक्षण सुटलं. जीव द्यावा असं तेव्हा वाटत होतं, हे तिने स्वतःच सांगितलं आहे. त्याच काळात, १९८२ साली, सायगावच्या एका ग्रंथालयात धर्माची पुस्तकं चाळताना तिच्या हाती बायबलचा नवा करार आला. त्या वर्षीच्या नाताळात ती ख्रिस्ती झाली.

आपल्याकडे धर्मांतर म्हटलं की लोक आधी विचारतात, काय मिळालं म्हणून केलं? तिला काय मिळणार होतं? घर काओदाई पंथाचं, सरकार कम्युनिस्टांचं. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे, एका माणसाने धर्म बदलला की अख्ख्या घरात काय उलथापालथ होते ते.

तिला त्या पुस्तकात सगळ्यात अवघड गेलं ते शत्रूंसाठी प्रार्थना करणं. ती म्हणते, आधी तर ते अशक्यच वाटलं. मग ती शत्रूंसाठी प्रार्थना करू लागली, रोज. आणि हळूहळू मनातला कडवटपणा उतरत गेला.

१९८६ मध्ये तिला शिकायला क्यूबाला पाठवलं. तिथे तिचं लग्न जमलं. १९९२ साली मधुचंद्राहून, मॉस्कोहून परतताना विमान इंधन भरायला कॅनडात गँडरला उतरलं, तेव्हा नवराबायकोंनी तिथेच आश्रय मागितला. सामान विमानात राहिलं. नवा देश, हातात काही नाही.

१९९६ मध्ये ती वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकापाशी अमेरिकी सैनिकांसमोर बोलली. तो वैमानिक भेटला तर त्याला सांगेन, झालेलं बदलता येत नाही, आता चांगलं करू या, अशा अर्थाचं. आणि २०२२ साली युक्रेनच्या २३६ निर्वासितांना वॉर्सोहून कॅनडाला नेणाऱ्या विमानात ती त्यांच्या सोबतीला होती. त्या विमानावर तिचं तेच चित्र रंगवलेलं होतं.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने. कातडीवरचे लेसरचे उपचार तिला मायामीत २०१५ पासून मिळू लागले. म्हणजे मन शांत झालं तेव्हा दुखणं तसंच होतं, आणि पुढेही तीसेक वर्षं होतं. आपण उलटं धरून बसतो. आधी माझं दुखणं थांबू दे, समोरच्याने आधी चूक कबूल करू दे, मग बघू.

हे मी कुणाला सांगते आहे? स्वतःलाच. गावचं घर विकलं तेव्हा माझ्या थोरल्या भावाने मला न विचारता सगळं सामान भंगारवाल्याला दिलं. त्यात आईच्या हाताने लिहिलेली ओव्यांची वही गेली. त्याला १४ वर्षं झाली. तेव्हापासून मी दादाशी बोललेले नाही. घरातले बरेच जण हे वाचतात, त्यांना ते ठाऊक आहे. किमच्या शेजारी माझं दुःख ठेवायचीही लाज वाटते. पण वहीच्या नावाने आजही माझा घसा दाटतो, हेही खरं.

मी ख्रिस्ती नाही. माझ्या देव्हाऱ्यात विठोबा आहे. पण गेले दोन महिने संध्याकाळी दिवा लावताना मी दादाचं नाव घेते. पहिले काही दिवस दातओठ खाऊनच घेतलं. आता निदान नाव सरळ येतं. माफ केलं असं म्हणवत नाही अजून. भाऊबीजेला जाईन का, तेही सांगत नाही. त्याच्या नव्या घराचा पत्ता मात्र भाचीकडून मागून घेतला आहे.

असो. त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला जरूर कळवा. बाईंचं उत्तर चुकलं होतं. ती वाचली.