‘कोड ब्ल्यू’ची घोषणा आणि पोलिसांच्या वायरलेसवरचा बीप

रुग्णालयात नातेवाइकाजवळ बसलेले असताना स्पीकरवर ‘कोड ब्ल्यू, तिसरा मजला’ अशी घोषणा तुम्ही कधीतरी ऐकली असेल. तेच वाक्य दोन-तीनदा आणि मागोमाग धावणारी पावलं. यावर ओपीडीत हमखास प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, सरळ मराठीत का सांगत नाहीत? लपवण्यासारखं काय असतं?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मी नेहमी पोलिसांच्या वायरलेसपासून सुरुवात करतो. मी काही वर्षं अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, इमर्जन्सी विभागात काम केलं. तिथे आमच्या टेबलावर रेडिओ दिवसरात्र चालू असायचा. ऐकून ऐकून त्याची रीत माझ्या अंगवळणी पडली.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, भांडूही शकतात. वायरलेसच्या एका चॅनलवर मात्र एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एकाचा आवाज दुसऱ्याखाली गडप होतो, नाहीतर नुसती खरखर ऐकू येते. आता कल्पना करा, वीस-पंचवीस गाड्या एकाच चॅनलवर आहेत. एक जण गाडीचा नंबर तपासून मागतोय, दुसरा जेवायला जातोय असं कळवतोय आणि तिसऱ्यावर गोळी झाडली गेली आहे. या तिसऱ्याला बोलायला जागा कशी मिळणार?

त्यासाठी टोन असतात. नियंत्रण कक्षातला माणूस (तिथे त्याला डिस्पॅचर म्हणतात) आधी एक लांब किंवा थरथरता सूर वाजवतो. तो ऐकून सगळ्यांचे कान टवकारतात. मग तो सांगतो की आता या चॅनलवर फक्त ‘इमर्जन्सी ट्रॅफिक’. इथे ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावरची वाहनं नव्हेत, संदेशांची ये-जा. थोडक्यात, ज्याच्यावर संकट आलंय आणि जे त्याच्या मदतीला निघालेत त्यांनीच बोलायचं.

यानंतर जे होतं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. अनेक ठिकाणी चॅनलवर ठरावीक अंतराने एक छोटा बीप वाजत राहतो. कशासाठी? समजा एखादा पोलीस आत्ताच गाडीत येऊन बसला आणि त्याने रेडिओ सुरू केला. घोषणा त्याने ऐकलेलीच नाही. पण बीप कानावर पडला की त्याला कुणालाही न विचारता कळतं, काहीतरी गंभीर चाललंय, आपण बटण दाबायचं नाही. हा बीप मदतीला बोलावत नाही, तो गप्प राहायला सांगतो. प्रसंग निवळला की डिस्पॅचर तसं जाहीर करतो आणि बीप थांबतो.

जहाजांवर तर ही शांतता घड्याळात रंगवलेली असे. मोर्सच्या काळात 500 किलोहर्ट्झ या लहरीवर दर तासाला दोनदा, 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत, सगळ्यांनी प्रक्षेपण थांबवून फक्त ऐकायचं असा नियम होता. दूरच्या बुडत्या जहाजाची क्षीण हाक ऐकू यावी म्हणून. रेडिओ खोलीतल्या घड्याळावर तेवढे भाग लाल असत.

आता कोड. सिनेमात तुम्ही ‘टेन-फोर’ ऐकलं असेल. ही आकड्यांची भाषा 1937 च्या सुमारास इलिनॉयच्याच पोलीस दलात चार्ल्स हॉपर यांनी सुरू केली. त्या वेळचे रेडिओ बटण दाबल्यावर पूर्ण ताकदीवर यायला क्षणभर घेत, त्यामुळे पहिला उच्चार अनेकदा गळून जाई. म्हणून आधी ‘टेन’. तो बुडाला तरी बिघडत नाही, पुढचा आकडा नीट पोचतो. टेन-फोर म्हणजे ‘संदेश मिळाला’. टेन-थर्टी-थ्री म्हणजे बऱ्याच ठिकाणी ‘आणीबाणी, बाकीच्यांनी थांबा’.

‘बऱ्याच ठिकाणी’ म्हटलं, कारण घोळ तिथेच झाला. गावोगावच्या पोलिसांनी आपापले अर्थ लावून घेतले. न्यूयॉर्कमध्ये टेन-थर्टीन म्हणजे पोलीस संकटात आहे, धावा! इतर अनेक ठिकाणच्या यादीत त्याच आकड्याचा अर्थ हवामान आणि रस्त्याची स्थिती. मोठ्या दुर्घटनेत दोन-तीन दलं एकत्र आली तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून 2006 च्या सुमारास अमेरिकी केंद्र सरकारने अशा संयुक्त कामात साध्या भाषेत बोलण्याचा आग्रह धरला.

रुग्णालयांचंही असंच. कोड ब्ल्यू म्हणजे बहुतेक ठिकाणी कुणाचं तरी हृदय किंवा श्वास थांबला आहे. टीमला नेमकं कळावं आणि शेजारच्या वॉर्डातले पेशंट धास्तावू नयेत, एवढाच त्या शब्दाचा हेतू. पण इतर रंगांचे अर्थ रुग्णालयागणिक बदलत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या संघटनेने 2000 साली एकसारखे कोड ठरवले, त्यामागे चुकीचा कोड पुकारला गेल्यावर गोळीबारात तिघांचा जीव गेल्याची घटना होती. माझं स्पष्ट मत असं की निळा तेवढा ठेवावा, बाकी सगळं सरळ सांगावं. आग लागली असेल तर आग म्हणा.

मग कोड ब्ल्यू ऐकल्यावर तुम्ही काय करायचं? तो बीप आठवा. कॉरिडॉर मोकळा करा, लिफ्ट सोडा, धावणाऱ्या नर्सला ‘‘काय झालं हो?’’ विचारून थांबवू नका. पेशंट तुमचाच असेल तर घरातल्या एकानेच दाराशी थांबा, चालू औषधं माहीत असलेल्याने. बाकीच्यांनी बाहेर.

उलट तुम्ही स्वतः 108 किंवा 112 ला फोन करता तेव्हा कोड अजिबात नको. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कोड वापरतो? वापरता. ‘‘झटका आलाय’’ हा आपला टेन-थर्टीन आहे. कुणासाठी झटका म्हणजे हार्ट अटॅक, कुणासाठी लकवा, कुणासाठी फिट. तिन्हींची तातडी आणि उपचार वेगळे. म्हणून आजाराचं नाव सांगू नका, दिसतंय ते सांगा. ‘‘तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाहीत.’’ ‘‘छातीत दाबल्यासारखं होतंय, दरदरून घाम आलाय.’’ ‘‘हाक मारली तर उठत नाहीत, श्वास दिसत नाही.’’ त्याहीआधी पत्ता आणि जवळची खूण सांगा. फोन मध्येच तुटला तरी निदान जागा तरी कळलेली असेल.

आणि समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. ठेवल्यावर मात्र त्याच मोबाइलवरून काका-मामांना कळवत बसू नका. रस्ता विचारायला रुग्णवाहिकेतून फोन येतो तो त्याच नंबरवर. नातेवाइकांना दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून कळवा.